काटकोनाच्या पाठीचा पूर्वेतिहास

इमारतीतले सगळे त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे काटकोन. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात सगळी नोकरी गेलेली. चालताना, बसताना, एवढंच काय, शिंकतानासुद्धा पाठ सरळ. असा माणूस झेब्रा क्रॉसिंगवरूनच रस्ता ओलांडणार हे ओघानं आलं. शहरातल्या त्या क्रॉसिंगचे पट्टे नेमानं रंगवले जात, पण ते वापरणारे काटकोन एकटेच होते, आणि वाहनवाल्यांना अशा माणसाची सवय नव्हती. त्यामुळे एका सकाळी एक मोटार आली आणि तिनं काकांना उडवलं.

मोटारवाला धावत खाली उतरला. माणूस वाईट नव्हता. "अहो, मी पाहिलं होतं तुम्हाला," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "पण तुम्ही इतके सरळ उभे होतात, मला वाटलं खांब आहे!"

"खांब असता तर घालायची का गाडी?" रस्त्यावर उताणे पडलेल्या काकांनी विचारलं. मुद्दा बिनतोड होता. पण उताण्या माणसाच्या मुद्द्याला वजन येत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुढचे कित्येक महिने ते पुन्हा पुन्हा कळायचं होतं.

कमरेचा एक मणका चेपला. डॉक्टरांनी छातीपासून कमरेपर्यंत पट्टा आवळला. काका घरी आले ते पुढं वाकून, काठी टेकत. जिन्यात कुणीतरी हळूच म्हणालं, "काटकोनाचा लघुकोन झाला की हो." काकांनी ते ऐकलं. मणक्यापेक्षा ते जास्त दुखलं.

मग समाचाराला माणसं यायला लागली. आजारी माणसाला भेटायला येणाऱ्यांत दोन जाती असतात, एक आपला आजार सांगणारी आणि दुसरी आपला सल्ला सांगणारी. वरच्या मजल्यावरच्या मावशी पहिल्या जातीच्या. त्यांना नाही असा आजार नव्हता. काकांच्या मणक्याची बातमी त्यांनी, आपल्या शेतात शेजाऱ्याची गाय शिरावी तशी ऐकली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर दुसऱ्या जातीचे. मोटारवाल्याच्या विमा कंपनीवर दावा लावायचा, हे काकांच्या आधी पोस्टमास्तरांनी ठरवलं.

"एक लक्षात ठेवा," ते खुर्ची पलंगाजवळ ओढत म्हणाले. "कंपनीला काहीही सांगायचं नाही. काहीही म्हणजे काहीही. नाव विचारलं तरी म्हणायचं, अपघातापासून नीटसं आठवत नाही."

"नाव अर्जावर लिहावंच लागेल ना?" काकांच्या मुलीनं विचारलं.

"लिहा. पण संदिग्ध लिहा."

मुलगी आई गेल्यानंतर परगावची नोकरी सोडून वडिलांजवळ राहायला आली होती. आता ती इथल्याच एका शाळेत शिकवत होती. दावा लावायचा हट्ट खरं तर तिचा. "बाबा, तुम्ही नियमानं रस्ता ओलांडत होतात. तुम्ही गप्प बसलात तर मग नियमाला अर्थ काय?" नियमाचं नाव काढल्यावर काटकोनाचा इलाज चालेना.

वकीलबाई तरुण होत्या आणि फार भरभर बोलत. त्यांनी अर्ज समोर ठेवला आणि प्रश्न वाचायला सुरुवात केली. वय, व्यवसाय, अपघाताची जागा... सगळं सुरळीत चाललं होतं.

"अपघातापूर्वी पाठीचा किंवा कमरेचा काही त्रास होता?"

"नाही," काका म्हणाले.

मुलगी शेजारीच बसली होती. "छे हो," तिनं दुजोरा दिला. "आईच्या आजारपणात रोज संध्याकाळी फोनवर विचारायचे मी, बाबा, पाठ कशी आहे? रोज एकच उत्तर. खणखणीत!"

वकीलबाईंनी 'नाही' असं लिहिलं. काकांनी सही केली. सही नेहमीसारखीच सरळ आली, पण खालची रेघ मात्र थोडी घसरली.

विमा कंपनीनं एवढ्यावर समाधान मानलं असतं तर ती विमा कंपनी कसली? तिच्या वकिलांनी मागणी केली की दावेदाराचे अपघातापूर्वीचे सगळे वैद्यकीय कागद हजर करावेत. सगळे म्हणजे दाढदुखीपासूनचे. वकीलबाई म्हणाल्या, "घाबरू नका. द्यायचे. लपवण्यासारखं आहेच काय?"

पोस्टमास्तरांना हा पराभव वाटला. त्यांनी आपल्या पुतण्याला पाठवलं. पुतण्या रोज व्यायामशाळेत जाणारा, दारातून तिरका आत येणारा गडी. त्यानं एक मोठं पाकीट पुढं केलं. "काका, हा माझा मणका. मागं पडलो होतो तेव्हा काढलेला एक्स-रे. एक नंबर आहे. घेऊन जा, परत द्यायची घाई नाही." काकांनी त्याचे आभार मानून मणका परत केला. निरोगी मणकाही दुसऱ्याचा काय कामाचा! आणि मावशींनीही, गरज पडली तर असाव्यात म्हणून, आपल्या कागदांची एक पिशवी ठेवून दिली होती. ती मुलीनं जाऊन परत केली.

घरचे डॉक्टर म्हातारे, पण कागद जपणारे. त्यांनी काकांची सगळी फाईल दिली. पुढचा अर्धा तास काकांच्या आयुष्यातला फार वाईट अर्धा तास होता. कारण वकीलबाई ती फाईल मोठ्यानं वाचत होत्या, कचेरीचं दार उघडं होतं आणि बाहेर बाकावर आणखी माणसं बसली होती.

"कानात मळ... कानात मळ... पुन्हा कानात मळ. घोरणे, तक्रार पत्नीची. मूळव्याध." त्यांनी मान वर केली. "अजून आहे?"

"नाही," काका पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"मूळव्याध आता नाही!" काका जोरात म्हणाले. बाहेरच्या बाकावरची कुजबूज थांबली.

मुलगी ओठ चावून खिडकीबाहेर पाहत होती. इतक्यात वकीलबाईंचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे काय? 'पाठदुखी. व्यायामोपचारासाठी पाठवले.' काका, तुम्ही तर नाही म्हणाला होतात."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते... डॉक्टरांचं अक्षर आहे. पाठ नसेल ते. पाय असेल."

"पाठच आहे," मुलगी वाकून म्हणाली. "बाबा?"

"मग चुकून लिहिलं असेल," काका म्हणाले आणि काठी शोधू लागले. काठी हातातच होती.

दुसऱ्या दिवशी, मुलगी शाळेत गेल्यावर, ते एकटेच वकीलबाईंकडे गेले. दार स्वतः लावून घेतलं आणि खुर्चीत न बसता उभ्याउभ्याच म्हणाले, "त्रास होता. पण दावा मागं घेता येईल का?"

"त्रास होता म्हणून दावा मागं कशाला घ्यायचा?" वकीलबाई पहिल्यांदाच सावकाश बोलल्या. "काका, भिंतीला आधीचा तडा होता म्हणून गाडी घालून ती पाडणारा सुटतो का? पडलेल्या भिंतीची भरपाई त्याला द्यावीच लागते. फक्त तडा होता हे आपण आधी सांगायचं. त्यांनी शोधून काढलं तर आपण खोटे ठरतो, आणि मग खरं बोललेलंही कुणी ऐकत नाही. कशानं झाला होता त्रास?"

काकांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "वजन उचलून."

"कसलं वजन?"

"घरातलं."

वकीलबाईंनी जास्त खोदलं नाही. 'नाही'च्या जागी 'हो' लिहून दुरुस्तीचा अर्ज केला आणि व्यायामोपचाराचे कागद आणायला सांगितलं. "मुलीला हे कळलंच पाहिजे का?" काकांनी दारात वळून विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, "न्यायालयाचं दार उघडं असतं, काका. कोण येऊन बसेल, माझ्या हातात नाही."

व्यायामोपचार करणाऱ्या बाईंचा दवाखाना जिथं होता तिथं आता शोभेच्या माशांचं दुकान निघालं होतं. काका काठी टेकत आत गेले आणि त्यांनी पाठीबद्दल विचारलं. दुकानदारानं त्यांना दोन मासे दाखवले. पुष्कळ चर्चा झाल्यावर कळलं की बाई आता पलीकडच्या व्यायामशाळेत खेळाडूंची दुखणी पाहतात. तिथल्या काउंटरवरच्या मुलीनं काकांना पाहिलं, त्यांच्या पट्ट्याकडे पाहिलं, तरी वर्षाची वर्गणी भरल्यास सवलत आहे असं सांगितलं. आत पोस्टमास्तरांचा पुतण्या वजनाखाली आडवा झालेला होता. "काका!" तो खालूनच ओरडला. "शाब्बास! हार मानायची नाही!" आजूबाजूच्या घामेजल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकांना वाटलं, मोटारीनं आपल्याला नीट उडवलं नाही.

बाईंनी काकांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. ओळख पटेना. "असं करा," त्या म्हणाल्या, "पालथे झोपा."

काका पालथे झोपले. बाईंनी पाठीवर अंगठा दाबला मात्र, "अहो, तुम्ही लायब्ररीवाले काका!"

लायब्ररीवाले, कारण दरवेळी त्यांच्या बगलेत वाचनालयाचं एक पुस्तक असे. घरी सांगून येत ते वाचनालयात चाललो म्हणून, आणि खोटं अंगाशी येऊ नये म्हणून खरंच पुस्तक बदलून नेत. दुपारी वरच्या मजल्यावरच्या मावशी तासभर पत्नीजवळ येऊन बसत, तेवढ्यात हे व्हायचं.

बाईंनी संगणकातून कागद काढून दिले. त्यांना केवढा आनंद झाला होता. "आलात तेव्हा काय अवस्था होती तुमची! मोजा घालता येत नव्हता. आणि मग बघा, महिन्यागणिक सुधारणा. शेवटी तर पाठ ठणठणीत. मी इथल्या सगळ्यांना तुमचं उदाहरण देते. सांगितलेलं ऐकलंत, वजन उचलणं बंद केलंत, म्हणून."

"हो," काका म्हणाले. "बंद झालं ते."

वकीलबाई कागद पाहून खुर्चीतून उठल्याच. "काका, हे तर सोनं आहे! अपघाताआधी पाठ पूर्ण बरी झाली होती, असं चक्क लिहून दिलंय. तडा बुजला होता! कंपनी आता काय बोलणार?" त्यांनी काकांना चहा मागवला. काकांनी तो घेतला नाही.

सुनावणीच्या दिवशी शाळेत परीक्षा होती, म्हणून मुलगी येणार नाही असा काकांचा हिशेब होता. पण ती रजा काढून आली आणि अगदी पुढच्या बाकावर बसली. तिच्या शेजारी पोस्टमास्तर, त्यांच्या शेजारी मावशी. मावशींनी उन्हाचा त्रास होतो म्हणून ओला रुमाल डोक्यावर घेतला होता. न्यायाधीशांनी त्यांनाच दावेदार समजून पुढं या म्हटलं आणि मावशी उठल्याही होत्या. पोस्टमास्तरांनी त्यांना ओढून खाली बसवलं.

कंपनीचे वकील वयस्क आणि अतिशय नम्र होते. नम्र माणसापासून जास्त सांभाळावं.

"आपल्याला मूळव्याधही होती?"

"होती." मागं कुणीतरी खोकलं.

"म्हणजे बसायला त्रास आधीपासूनच होता."

"तो वेगळा मजला आहे, साहेब," काका म्हणाले. न्यायाधीशांनी तोंडावर हात धरला. काकांची पाठ पट्ट्यातल्या पट्ट्यात थोडी सरळ झाली.

"बरं. आता पाठीकडे येऊ. आधी आपण 'नाही' म्हणालात, मग 'हो' म्हणालात. आपण कचेरीत नकाशे काढत होतात. हमाली करत नव्हतात. मग ही पाठ कशानं दुखावली? 'वजन उचलून' असं लिहिलंय. कसलं वजन?"

काकांनी वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली. मुलीकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना बोलता आलं नसतं.

"माझी पत्नी," ते म्हणाले. "तिला स्नायूंचा आजार होता. उठता येत नव्हतं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, परत पलंगावर. मी उचलत होतो."

"मदतीला बाई ठेवली नाहीत?"

"तिला परक्या हातांची लाज वाटायची. आणि मलाही... माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी उचलावं असं वाटत नव्हतं."

"मग दुखत होतं तर सांगितलं का नाहीत? आपल्या मुलीच्या जबाबात तर पाठ खणखणीत होती असं आहे."

"तिला तसंच सांगितलं होतं. बायकोलाही. ती रोज विचारायची, पाठ दुखते का हो? दुखते म्हटलं असतं तर तिनं मला उचलू दिलं नसतं. मुलीला म्हटलं असतं तर ती तेव्हाच नोकरी सोडून आली असती. म्हणून दोघींना एकच उत्तर. मग तीच सवय लागली. अर्जावरही तेच आलं."

कंपनीच्या वकिलांनी कागद उलटला. प्रश्न त्यांना विचारणं भाग होतं. "वजन साधारण किती उचलत होतात?"

"पहिल्यांदा बरंच होतं," काका म्हणाले. "भरदार होती ती. टेलिफोन खात्यात होती, हसली की तिसऱ्या टेबलापर्यंत ऐकू जायचं. मग कमी होत गेलं. दर महिन्याला कमी. त्या व्यायामाच्या बाईंच्या कागदात 'सुधारणा' लिहिलंय ना, ती ही. मला काही औषध लागू पडलं नव्हतं, साहेब. ती हलकी होत चालली होती. एक दिवस उचललं आणि पाठ दुखलीच नाही. मला रडूच आलं. ती म्हणाली, काय झालं हो, पाठ दुखली का? मी पहिल्यांदा हो म्हणालो."

काकांनी पट्टा थोडा सारखा केला.

"मग ती गेली," काका म्हणाले. "त्यानंतर पाठ अगदी बरी झाली. तेवढं कागदात बरोबर आहे."

कंपनीच्या वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला आणखी काही विचारायचं नाही," ते न्यायाधीशांना म्हणाले. मधल्या सुटीत ते व्हरांड्यात वकीलबाईंना भेटले आणि कंपनी मागणी मान्य करते आहे, असं त्यांनी सांगितलं. वकीलबाईंना उडी मारायची होती, पण काकांकडे पाहून त्यांनी ती मारली नाही. पोस्टमास्तर मात्र गहिवरून म्हणाले, "काही सांगायचं नाही, असं मी म्हटलं होतं. चुकलो." मावशी डोक्यावरचा रुमाल डोळ्यांना लावून बसल्या होत्या. त्या दुपारी त्यांनी कुणाला आपला एकही आजार सांगितला नाही.

बापलेक टॅक्सीनं घरी निघाले. काकांनी दोनदा घसा साफ केला आणि दोनदा रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयी मत मांडलं. टॅक्सीवाल्यानं दुजोरा दिला. मुलीनं नाही.

इमारतीपाशी टॅक्सी थांबली. दिवसभर बसून काकांची कंबर आखडली होती. दार उघडलं, एक पाय बाहेर काढला आणि ते तिथंच अडकले. आत जाता येईना, बाहेर येता येईना. मुलगी वळसा घालून आली, त्यांचे दोन्ही हात धरून ओढू लागली.

"अगं, असं नाही," काका कळवळले. "हात ओढायचे नाहीत. पुढं ये, जवळ. अजून जवळ. गुडघे वाकव, कंबर नाही. आता माझ्या काखेखालून हात घाल आणि पाठीमागं बोटं गुंफ. हां. मी तुझ्या खांद्यावर हनुवटी ठेवतो. श्वास सोडत उठायचं. घाई करू नकोस."

मुलीनं सांगितलं तसं केलं. त्यांच्या खांद्याशी तिचा चेहरा होता. ती उठेना.

"बाबा," तिनं विचारलं, "आई काय म्हणायची, तुम्ही असं उचलताना?"

"म्हणायची, हळू हं, सांडेन मी."

मुलगी हसली. हसता हसता ती त्यांना तशीच घट्ट धरून रडायला लागली. काकांनी काठी सोडून दिली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मागं दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या, पहिलीनं भोंगा वाजवला. टॅक्सीवाल्यानं खिडकीतून हात काढून मागच्या गाडीला थांबायची खूण केली.

"उठू या का?" बऱ्याच वेळानं मुलीनं विचारलं.

"उठू या," काका म्हणाले. "पण तुझी पाठ दुखली तर सांग."

"दुखतेय," मुलगी म्हणाली, आणि तिनं त्यांना उचललं.